पहिल्या ओळीतला बग

मंडळी, आजचा विषय वाचून काहीजण हसतील, पण हसा बिनधास्त. विषय आहे डोरेमॉन. हो, तोच तो निळा, गोल, बिनकानाचा मांजर-रोबो, जो बाविसाव्या शतकातून नोबिताच्या टेबलाच्या ड्रॉवरमधून बाहेर येतो. 2005 मध्ये हंगामा टीव्हीवर हिंदीत सुरू झाला आणि तेव्हापासून आपल्याकडच्या घराघरात भाचे-पुतणे जेवताना त्याच्यासमोर बसलेले असतात. मोठी माणसं "बंद कर रे ते कार्टून" म्हणतात, आणि पाच मिनिटांनी स्वतःच बघत बसतात :)

पण मला लिहायचंय ते रोजच्या मालिकेबद्दल नाही, तर त्यातल्या एका सिनेमाबद्दल. 'नोबिता आणि पोलादी सैन्य', जपानी नाव 'नोबिता तो तेत्सुजिन हेइदान', 15 मार्च 1986 ला जपानमध्ये प्रदर्शित झालेला. लहान मुलांच्या सिनेमात सहसा लढाई असते, शेवटी चांगले लोक वाईट लोकांना हरवतात, टाळ्या, घरी. या सिनेमात लढाई आहे, पण ती चांगले लोक चक्क हरत आलेले असतात. शत्रू नाहीसा होतो तो कुठल्याही शस्त्राने नाही. कुणीतरी तीस हजार वर्षं मागे जाऊन एका जुन्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करतं म्हणून. आणि ती दुरुस्ती करणारी व्यक्ती स्वतःच त्या प्रोग्रॅममधून जन्मलेली असते. पुढे काय होणार ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

पण थेट तिथे उडी मारण्यात मजा नाही. थोडा इतिहास बघू.

डोरेमॉनचा जनक हिरोशी फुजिमोतो. जन्म 1933, तोयामा प्रांत. ताकाओका गावच्या प्राथमिक शाळेत त्याला मोतोओ आबिको नावाचा मित्र भेटला. दोघेही चित्रं काढायचे, दोघेही ओसामु तेझुकाचे भक्त. पुढे टोकियोला जाऊन दोघांनी 'फुजिको फुजिओ' या एकाच टोपणनावाने वर्षानुवर्षं काम केलं. 1987 मध्ये ही भागीदारी सामंजस्याने संपली आणि डोरेमॉनवाला फुजिमोतो 'फुजिको एफ. फुजिओ' झाला.

डोरेमॉन सुरू झाला 1969 च्या डिसेंबरमध्ये, शोगाकुकान या प्रकाशनाच्या मुलांच्या मासिकांत. गंमत म्हणजे एकाच वेळी सहा मासिकांत! बालवाडीपासून चौथीपर्यंत, प्रत्येक वयाचं मासिक वेगळं आणि गोष्टही त्या त्या वयाला झेपेल अशी वेगळी. 1973 मध्ये टीव्हीवर मालिका आली, पण सहा महिन्यांत गुंडाळली गेली. मग 2 एप्रिल 1979 ला टीव्ही आसाहीने पुन्हा सुरू केली आणि यावेळी मात्र तुफान चालली. वर्षभरात, मार्च 1980 मध्ये, पहिला मोठा सिनेमा आला: 'नोबिताचा डायनोसॉर'. तेव्हापासून शाळांच्या वसंत सुट्टीच्या सुमारास दरवर्षी एक सिनेमा हा शिरस्ताच पडला. 2005 मध्ये आवाज देणारे कलाकार आणि टीम बदलली म्हणून खंड पडला, 2020 चा सिनेमा कोविडमुळे ऑगस्टमध्ये गेला आणि 2021 चा थेट 2022 मध्ये आला. एवढे अपवाद सोडले तर गाडी चालूच आहे. फुजिमोतो स्वतः सप्टेंबर 1996 मध्ये गेला, तेव्हाही तो पुढच्या वर्षीच्या सिनेमाची गोष्ट रेखाटत होता.

रोजच्या गोष्टीचा साचा आपल्याला पाठ आहे. नोबिताला गणितात शून्य मिळतो, जियान मारतो, सुनिओ नवीन खेळणं दाखवून जळवतो, नोबिता रडत घरी येतो, डोरेमॉन खिशातून एखादं गॅजेट काढतो, नोबिता त्याचा अतिरेक करतो आणि शेवटी तोंडावर आपटतो. सिनेमात मात्र हीच पोरं घराबाहेर पडतात. कुठल्यातरी अनोळखी जगात जातात, तिथे एक मित्र मिळतो आणि त्याच्यासाठी जिवावरचं संकट अंगावर घेतात. एरवी गुंडगिरी करणारा जियान सिनेमात एकदम शूर आणि दिलदार होतो, हा तर जपानमध्ये थट्टेचा विषय आहे.

आणि या सिनेमांत फुजिमोतो मुलांना सांभाळून वगैरे घेत नाही. 1983 चा समुद्रतळावरचा सिनेमा घ्या. अटलांटिस कधीच नष्ट झालंय, पण त्याचा संरक्षण-संगणक पोसायडन अजून चालू आहे. समुद्राखालच्या ज्वालामुखीच्या हालचालींना तो शत्रूचा हल्ला समजतो आणि जग बेचिराख करणारी क्षेपणास्त्रं सोडायच्या तयारीला लागतो. मालक मेले, कोड चालूच! शीतयुद्धाच्या ऐन भरातली ही गोष्ट, आणि प्रेक्षक दुसरी-तिसरीतले. 1985 च्या सिनेमात एका चिमुकल्या ग्रहाचा हुकूमशहा आहे. त्यानंतरचा सिनेमा म्हणजे आपलं 'पोलादी सैन्य'.

आता दुसरा धागा, रोबोंचा.

'रोबो' हा शब्द जगाला दिला चेक लेखक कारेल चापेकच्या 1920 च्या 'आर.यू.आर.' या नाटकाने. शब्द सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठबिगार. म्हणजे जन्मतःच या शब्दात यंत्र कमी आणि गुलामी जास्त. नाटकात स्वस्त मजूर म्हणून बनवलेले रोबो बंड करतात आणि माणसं संपवतात. पण शेवटी दोन रोबो एकमेकांसाठी जीव द्यायला तयार होतात आणि तेच नव्या जगाचे आदम आणि इव्ह ठरतात. 1924 मध्ये हे नाटक टोकियोच्या रंगमंचावरही आलं.

जपानमध्ये मात्र पुढे रोबो मित्र झाला. 1952 मध्ये तेझुकाचा ॲस्ट्रो बॉय आला, माणसांचा अपमान सोसूनही त्यांना वाचवणारा पोरगा-रोबो. 1956 मध्ये मित्सुतेरू योकोयामाचा 'तेत्सुजिन 28' आला. हा अजस्र रोबो रिमोटवर चालतो. रिमोट ज्याच्या हातात, रोबो त्याचा. चांगल्याच्या हातात चांगला, चोराच्या हातात चोर. 1972 च्या 'माझिंगर झेड'मध्ये तर हीरो रोबोच्या डोक्यात बसूनच तो चालवायला लागला. आणि 7 एप्रिल 1979 ला, म्हणजे डोरेमॉनची नवी मालिका सुरू झाल्यावर बरोब्बर पाच दिवसांनी, 'गुंडाम' सुरू झालं. त्यात रोबो म्हणजे सरळ सरळ युद्धसामग्री. पुढच्या वर्षी गुंडामची प्लास्टिकची मॉडेल्स बाजारात आली आणि जपानी पोरं त्यामागे वेडी झाली.

खऱ्या जगातही हेच चाललं होतं. कावासाकीने अमेरिकन परवान्यावर 1969 मध्ये औद्योगिक रोबो बनवायला सुरुवात केली होती. 1980 ला तिकडे 'रोबो प्रसाराचं पहिलं वर्ष' म्हणतात. मोटारींच्या कारखान्यांत वेल्डिंग, रंगकाम रोबो करायला लागले. 1985 मध्ये त्सुकुबाला विज्ञान प्रदर्शन भरलं, तिथे लोकांनी रोबोला ऑर्गन वाजवताना पाहिलं.

म्हणजे 1986 चा जपानी शाळकरी पोरगा कसा? खेळण्यात रोबो, टीव्हीवर रोबो, बाबांच्या कारखान्यात रोबो. त्या पोराला फुजिमोतो विचारतो: हे सगळं ठीक आहे, पण रोबोच्या आत लिहिलंय काय?

सिनेमाची सुरुवात अगदी रोजच्या साच्यातली. सुनिओ त्याच्या भावाने बनवलेला मिक्रॉस नावाचा रोबो मिरवतो. नोबिताला त्याहून मोठा हवा. डोरेमॉन वैतागून उत्तर ध्रुवावर गेलेला असतो, नोबिता मागोमाग. तिथे एक निळसर गोळा सापडतो आणि त्याच्या इशाऱ्यावर आकाशातून राक्षसी रोबोचे सुटे भाग पडायला लागतात. एवढं धूड जोडायचं कुठे? तर डोरेमॉनच्या गॅजेटने आरशातल्या जगात. तिथे सगळं आपल्यासारखंच, फक्त डावं-उजवं उलट, आणि माणूस एकही नाही. ध्रुवावर मिळाला म्हणून सांताक्लॉजवरून त्याचं नाव ठेवतात झान्डाक्रॉस. पोरं रिकाम्या शहरात मजेत त्याला चालवत असतात आणि शिझुका सहज एक बटण दाबते. समोरची गगनचुंबी इमारत एका क्षणात कोसळते.

या प्रसंगात सिनेमाचा सूरच पालटतो. ते खेळणं नाही हे पोरांना कळतं. इथे कुणी नव्हतं म्हणून ठीक, खऱ्या शहरात असतो तर? तो रोबो लपवून सगळे गप्प बसायचं ठरवतात.

मग येते रिरुरु. दिसायला साधी मुलगी, पण मेकाटोपिया नावाच्या रोबोंच्या ग्रहावरून आलेली हेर. झान्डाक्रॉस म्हणजे मुळात त्यांचाच जुडो, तळ बांधायला पाठवलेला. मागोमाग सगळं पोलादी सैन्य यायचं असतं. कशाला? माणसं पकडून गुलाम म्हणून न्यायला.

आता या गुलामीची जी कारणमीमांसा फुजिमोतो देतो ती वाचून मी तर चाटच पडलो. मेकाटोपियाचा इतिहास असा: माणसांना कंटाळलेल्या एका शास्त्रज्ञाने ओसाड ग्रहावर अमु आणि इमु असे दोन रोबो बनवले (आदम आणि इव्ह, दुसरं काय). त्यांची प्रजा वाढली. मग त्यांच्यात उच्च-नीच आलं, सरदार आले, गुलाम आले. मग गुलामांनी हक्क मागितले आणि गुलामी रद्द झाली. सगळे रोबो समान! छान. पण मग कामं कोण करणार? म्हणून बाहेरून गुलाम आणायचे. रोबो देवाचे लाडके, माणसं हलक्या प्रतीची, म्हणून ते न्याय्यच.

म्हणजे घरात समता आणि बाहेर लूट. जखमी रिरुरुची शुश्रूषा करता करता शिझुका हे सगळं ऐकते आणि म्हणते, हे तर माणसांच्याच इतिहासासारखं आहे. रिरुरु भडकते. कारण तिच्या दृष्टीने हा घोर अपमान आहे. एका चौथी-पाचवीतल्या मुलीने वसाहतवादाचा सारांश एका वाक्यात सांगावा आणि तो पडद्यावर सहज निघून जावा, ही फुजिमोतोची खासियत.

असो. आता मुद्द्यावर येतो. या सिनेमात रोबोचं मन तीन वेगवेगळ्या पद्धतींनी बदललं जातं, आणि माझ्या मते सिनेमाचा सगळा जीव त्या तीन पद्धतींतल्या फरकात आहे.

पहिली पद्धत डोरेमॉनची. जुडोचा मेंदू, म्हणजे तो निळसर गोळा, ऐकत नाही, धमक्या देतो. डोरेमॉन त्याच्या आतल्या रचनेत फेरफार करतो आणि जुडो आपल्या बाजूने लढायला लागतो. झालं! सिस्टीममध्ये घुसून दोन वायरी बदलल्या, काम संपलं. आपल्या बाजूचं आहे म्हणून बघताना खटकत नाही. पण नीट विचार केला तर हे मेकाटोपियापेक्षा वेगळं काय झालं? तोच 'तेत्सुजिन 28'चा रिमोट. हात बदलला फक्त.

दुसरी पद्धत शिझुकाची. ती शत्रूला मलमपट्टी करते. रिरुरु शुद्धीवर येऊन तिच्यावरच किरण सोडते, तरी करते. रिरुरुला हे कळतच नाही. तिच्या तर्कात याला जागाच नाही. पुढे सैन्याला बातमी द्यायला निघालेल्या रिरुरुला नोबिता अडवतो. त्याच्या हातात शस्त्र आहे, आणि नेमबाजी ही त्याला जमणारी जवळजवळ एकमेव गोष्ट आहे. पण त्याला चाप ओढवत नाही. ती त्याला भेकड म्हणते, त्यालाच किरण मारून पाडते आणि निघून जाते. पण स्वतःच्या सैन्यासमोर उभी राहिल्यावर ती म्हणते काय, तर माणसांना गुलाम करणं चूक आहे. तिला फितूर ठरवून कैद केलं जातं. इथे कुणी वायरी बदललेल्या नाहीत. तिचं तिनेच ठरवलंय.

दरम्यान पोरं सैन्याला फसवून आरशातल्या जगात उतरवतात. शहरं आहेत, माणसं नाहीत. पण ही युक्ती किती दिवस पुरणार? शेवटची लढाई तळ्याकाठी होते आणि तिथे मूठभर पोरांपुढे अगणित रोबो आहेत. नोबिताची बाजू हरणार हे स्पष्ट दिसतं.

मग तिसरी पद्धत. टाइम मशीनने शिझुका आणि रिरुरु तीस हजार वर्षं मागे, त्या शास्त्रज्ञाकडे जातात. तो कुणी खलनायक नाही, थकलेला म्हातारा आहे. त्याने अमु-इमुच्या डोक्यात 'जग जिंका' असं कुठेही लिहिलेलं नाही. त्याने फक्त स्पर्धेची वृत्ती घातली होती. एकमेकांपेक्षा पुढे जायची धडपड असली की समाज प्रगती करेल, एवढाच हेतू. स्पेसिफिकेशन वाचलं तर कुणीही सही करून देईल असं. आणि त्याच एका ओळीतून सरदार, गुलाम, सैन्य असं सगळं निघालं.

जरा आठवा, हे कुठल्या देशात आणि कधी लिहिलं गेलंय. निर्यातीत जगाला मागे टाकणारा 1986 चा जपान, जिथे शाळेच्या प्रवेश परीक्षांना लोक 'परीक्षेचा नरक' म्हणायचे. आणि या मालिकेचा हीरो कोण? प्रत्येक स्पर्धेत शेवटचा येणारा नोबिता! फुजिमोतो प्रचारकी भाषण करत नाही, पण त्याने बग नेमका कुठे दाखवलाय बघा. आपल्यापैकी ज्यांनी अप्रेझलचा बेल कर्व्ह भोगलाय, त्यांना वेगळं सांगायला नको.

शास्त्रज्ञ दुरुस्ती करायला तयार होतो. स्पर्धेच्या जागी दुसऱ्याची काळजी करणारं मन घालायचं. पण काम अर्धवट असतानाच तो कोसळतो. उरलेलं काम रिरुरु हाती घेते. अमु-इमु बदलले की मेकाटोपियाचा सगळा इतिहास बदलेल, सैन्य नाहीसं होईल, आणि त्या इतिहासातून जन्मलेली रिरुरुसुद्धा. तिला हे पूर्ण माहीत असतं. शिझुका रडत असते. रिरुरु काम पुरं करते आणि विरून जाते. तिकडे तळ्याकाठी तोंडाशी आलेलं सैन्य त्याच क्षणी हवेत विरतं.

काही लोक म्हणतात की टाइम मशीन म्हणजे पळवाट. मग प्रत्येक संकटात तेच का नाही वापरत? तांत्रिकदृष्ट्या आक्षेप बरोबर आहे. पण पळवाट फुकट असते, ही नाही. मूळ दोष काढायचा तर त्या दोषावर उभं असलेलं सगळं पडतं, आणि दुरुस्त करणाराही त्यावरच उभा असतो. पॅच मारणं सोपं, कारण त्यात आपण शिल्लक राहतो.

आणि एक अवघड प्रश्न शिल्लक राहतोच. रिरुरुनेही अमु-इमुला न विचारताच त्यांचं मन लिहिलं ना? मग डोरेमॉनने जुडोचं केलं त्यात आणि यात फरक काय? मला वाटतं, फरक वेळेचा आहे. जुडो तयार झालेला होता, त्याला स्वतःचं मत होतं, चुकीचं का होईना. अमु-इमु अजून घडत होते. घडवताना कुणीतरी काहीतरी लिहिणारच, कोरं ठेवायची सोयच नाही. म्हणून तिथे लिहिणाऱ्याची जबाबदारी सगळ्यात मोठी. आज यंत्रांना कुठलं उद्दिष्ट द्यायचं यावर मोठमोठ्या परिषदा भरतात. नेमका हाच प्रश्न 1986 मध्ये प्राथमिक शाळेतल्या पोरांपुढे मांडला गेला होता.

माझं हे म्हणणं अगदीच हवेतलं नाही, याला एक पुरावा आहे. 2011 मध्ये या सिनेमाची नवी आवृत्ती आली, दिग्दर्शिका युकियो तेरामोतो. (1986 च्या सिनेमाचे दिग्दर्शक होते त्सुतोमु शिबायामा.) कथा तीच, पण एक मोठा बदल. जुडोच्या मेंदूला इथे पिप्पो नावाच्या पिवळ्या पिल्लाचं रूप दिलंय. त्याच्या आत कुणी फेरफार करत नाही. तो नोबिताशी भांडतो, रुसतो, हळूहळू जवळ येतो आणि शेवटी आपणहून बाजू बदलतो. म्हणजे पंचवीस वर्षांनी कुणाला तरी पहिली पद्धत खटकली आणि त्यांनी ती काढून तिच्या जागी दुसरी घातली. माझ्या मते ही बगफिक्स योग्यच. फक्त जुन्या सिनेमातला तो कोरडेपणा, ते अस्वस्थ करणं, थोडं कमी झालं.

ही नवी आवृत्ती 5 मार्च 2011 ला लागली. सहाच दिवसांनी, 11 मार्चला, तोहोकूचा भूकंप आणि त्सुनामी आली. ईशान्य जपानमधली कित्येक थिएटरं बंद पडली. ज्या सिनेमात माणसं नसलेली शहरं दिसतात, तो त्या आठवड्यात पाहिलेल्या पोरांना काय वाटलं असेल, कोण जाणे.

जुन्या सिनेमाच्या शेवटी नोबिता शाळेत एकटाच बसलेला असतो आणि खिडकीबाहेर त्याला रिरुरुसारखी एक मुलगी उडत जाताना दिसते. ती खरंच तीच आहे की नाही, हे फुजिमोतो सांगत नाही. नोबिताला मात्र खात्री वाटते आणि तो धावत मित्रांना सांगायला जातो.

नवी आवृत्ती हिंदीत डब होऊन आपल्याकडच्या टीव्हीवरही लागून गेली आहे. पुन्हा लागली आणि घरातलं पोरगं बघत असलं, तर रिमोट हिसकावून घेऊ नका. शेजारी बसा. ती इमारत कोसळते तिथून पुढे तर नक्कीच.